फुगायला जागा

तिने अंबाड्यातली पिन काढली, होडीच्या तळाकडच्या दोन फळ्यांमधल्या फटीवर टेकवली आणि दाबली. पिन आत गेली नाही. अंगठ्याचा जोर दिला तशी पिनच वाकली.

"दाब अजून," नवरा म्हणाला. "घाबरू नकोस. काही होत नाही तिला."

शेडमध्ये उजेड यावा म्हणून तो ताडपत्रीचं टोक हाताने वर धरून उभा होता. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, दोन्ही हातांच्या बोटांवर राखाडी डाग. तो दातांचा डॉक्टर. पंचवीस वर्षांत त्याच्या नखात तिने कधी मळ पाहिला नव्हता, आणि आज तो डागाळलेले हात लपवतही नव्हता.

ती बसमधून उतरून सरळ इथे धक्क्यावर आली होती. बॅग अजून शेडच्या दाराशीच होती. आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ती दहा दिवस माहेरी गेली होती, आणि दहाही दिवस फोनवर नवरा एकच सांगत होता: आलीस की आधी धक्क्यावर ये, घरी नंतर. फार तर रंग दिला असेल, असं तिला वाटलं होतं.

"बोल ना काहीतरी."

"सगळ्या भरल्यात?"

"खालच्या सहाच्या सहा. या बाजूला तीन, त्या बाजूला तीन." तो तिच्या शेजारी उकिडवा बसला. "आधी प्रत्येक फट कोरडी केली. मग स्पिरिटने पुसली. मग भरलं, पण एकदम नाही, थर देत देत. दोन नळ्यांतलं कालवायचं, वीस मिनिटांत दगड होतो त्याचा. वरून घासून पॉलिश. दात असता ना, तर माणूस गेला असता पण भरलेलं राहिलं असतं."

स्वतःच्याच बोलण्यावर तो हसला.

"दहाही दिवस दुपारचे सगळे पेशंट पुढे ढकलले. क्लिनिकमधल्या बाईंना वाटतंय, मलाच काहीतरी मोठं दुखणं झालंय."

तिने फळीवरून तळवा फिरवला. फळी कुठे संपते आणि भरण कुठे सुरू होतं, ते हाताला कळत नव्हतं. होडीला हात लावण्याआधी क्षणभर डोळे मिटून हात जोडायचे, हा तिचा रोजचा नेम. आज घाईत तो चुकला होता. तिने आत्ता डोळे मिटले. नवऱ्याला वाटलं, हिला भरून आलं, आणि त्याने समजूतदारपणे नजर दुसरीकडे वळवली.

"काम सुंदर झालंय," ती म्हणाली. यात खोटं काही नव्हतं.

होडी तिच्या सासऱ्यांनी बांधलेली. धक्क्यावर सगळे त्यांना मिस्त्री म्हणत, ती मामंजी म्हणे. वीस फूट लांब, पोटाशी रुंद, बसायला दोन फळ्या आणि मागे लहानसं इंजिन. त्यांच्या हातची ही शेवटची. नऊ वर्षांपूर्वी हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनी मुलाला आणि सुनेला समोर बसवलं आणि इंजिनाची किल्ली सुनेच्या हातावर ठेवली. "हिला पाण्याची ओढ आहे," एवढंच म्हणाले. नवरा हसून म्हणाला होता, "बरं झालं, मला काठावर बसूनही मळमळतं." तेव्हा सगळेच हसले होते. पण त्यानंतर तो धक्क्यावर आला तो फक्त तिला घ्यायला, आणि जेवताना होडीचा विषय निघाला की आपलं ताट उचलून स्वयंपाकघरात ठेवायला जाऊ लागला.

तसा होडीने तिला सुखापेक्षा वैतागच जास्त दिला होता. इंजिन पहिल्या दोरीला कधी चालू होत नसे, तिसरीला खोकत उठे. पंख्यात पाणगवत अडकलं की बाही वर करून खांद्यापर्यंत हात पाण्यात घालायचा. एका वर्षी बदकीने पुढच्या टोकाला दोराच्या वेटोळ्यात अंडी घातली आणि पाच आठवडे होडी जागची हलली नाही. शाळेत गणित शिकवताना तिच्या पिशवीतून चिखलाचा वास येई आणि पुढच्या बाकावरच्या मुली एकमेकींकडे बघत. पण रविवारी सकाळी कालव्यात शिरलं की सगळं शहर पाठीमागून दिसे. घरांच्या मागच्या बाजू, वाळत घातलेले कपडे, खिडकीत उभं राहून दाढी करणारा माणूस, कोणी भांडी घासतंय, कोणी कोणावर चिडलंय. चालत्या माणसापेक्षा जरा जास्त वेग. सुकाणूचा दांडा तळहाताला हलका ओढ देत राही, आणि समोरून येणारे अनोळखी होडीवाले हात वर करून पुढे जात. आपणही त्यांच्यातलेच आहोत, एवढ्या एका गोष्टीने तिची मान दिवसभर ताठ राही.

दोन वर्षं मात्र होडी पाण्याबाहेर होती. मामंजी पडले, खुब्याचं हाड मोडलं, आणि मग दवाखाना, घर, पुन्हा दवाखाना. लाकूड वाळलं. फटी एवढ्या रुंदावल्या की आत बसलं तर बाहेरचा उजेड दिसे. तिला त्याची काळजी नव्हती. मामंजींनी तिला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं: फटीत सुती वात हलक्या हाताने ठोकायची, वर मऊ लुकण लावायचं आणि होडी उथळ पाण्यात सोडायची. ती भरते, खाली बसते. भरू द्यायची. चार दिवसांत लाकूड पाणी पितं, फुगतं, फळी फळीला भिडते आणि फट मिटते. आपण फक्त फुगायला जागा ठेवायची.

जागा ठेवली नाही तर काय होतं तेही तिने पाहिलं होतं. कोणाची तरी निळी होडी होती, वाळलेली असताना घट्ट भरलेली. पाण्यात सोडल्यावर तिसऱ्या दिवशी दुपारी तिच्यातून लाकूड मोडल्याचे आवाज आले. फळ्यांनी एकमेकींना रेटलं होतं आणि त्यांना आतून धरणाऱ्या लाकडी बरगड्या एकामागून एक तुटल्या होत्या.

आज गुरुवार. शनिवारी दुपारी क्रेन यायची होती, आणि ती वर्षातून दोनदाच येई. या वेळी होडी उतरली नाही तर काठावरची जागा यादीतल्या पुढच्याला देऊ, असं धक्क्याच्या ऑफिसने लेखी कळवलं होतं.

"चल, घरी सोडतो तुला," नवरा म्हणाला. ताडपत्री खाली सोडण्याआधी त्याने फळीवर लागलेला तिच्या बोटाचा ठसा रुमालाने पुसला.

---

मामंजी वरच्या खोलीत खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. तिथून कालव्याची एक पट्टी दिसे. तिने त्यांना चहा दिला आणि शेजारच्या स्टुलावर बसली.

"आईचं कसं आहे?"

"चांगलं दिसतं म्हणते. माझे केस पांढरे झालेत हे आधी बघितलं तिने."

मामंजी हसले. बशीतला चहा संपवून त्यांनी बशी खाली ठेवली.

"बघून आलीस?"

"हो."

"किती घट्ट आहे?"

ती त्यांच्याकडे बघत राहिली.

"पिन वाकली," ती म्हणाली.

त्यांनी मान हलवली, जणू कोणी वेळ सांगितली होती.

"पहिल्याच दिवशी वास आला मला त्याच्या शर्टाला. आपल्या लुकणाला जवसाच्या तेलाचा वास असतो. हा औषधाचा होता."

"मग बोलला का नाहीत?"

खिडकीबाहेरून एक होडी गेली, तिचा आवाज विरेपर्यंत ते थांबले.

"रोज संध्याकाळी येऊन बसायचा, तू बसलीस ना, तिथेच. बाबा, लाकूड कुठलं वापरलंत. बाबा, फळी वाकवायला वाफ किती वेळ द्यायची. लहानपणी याला माझ्या होड्यांच्या कारखान्यात चल म्हटलं की याच्या पोटात दुखायचं. आणि आता दहा दिवस विचारतोय, मी सांगतोय. एकदा तर जेवण गार झालं आमचं." त्यांनी गुडघ्यावरची चादर सारखी केली. "मी काय म्हणायला हवं होतं? बाबा रे, तू केलंस ते सगळं चुकलं? दुसऱ्या दिवशी आला नसता."

"बरगड्या जातील, मामंजी."

"जाऊ देत."

"तुमच्या हातची शेवटची आहे."

"हातची म्हणून सांगतोय. मला तेवढा हक्क आहे." आवाज चढला नव्हता. "तशीच सोड पाण्यात. मोडली तर म्हणू, लाकूड जुनं होतं. त्याला काही बोलू नकोस. तुझी होडी जाईल, हे मला कळतं. मी मागतोय तुझ्याकडे."

त्यांनी तिच्याकडे आजवर काही मागितलं नव्हतं. आजारपणातसुद्धा पाणी हवं असलं की नुसते पेल्याकडे बघत.

ती उठली, कपबशी उचलली आणि दारापाशी जाऊन थांबली.

"एखाद्या दातात चुकीचं भरलेलं दिसलं की ते दोन दिवस धड जेवत नाहीत," ती हळूच म्हणाली. "दुसऱ्या कोणी भरलेलं असलं तरी. पेशंटला परत बोलावतात, आपल्या वेळात काढून देतात. आणि त्यांच्याच हातचं चुकलेलं आपण त्यांना कळू द्यायचं नाही?"

"दुखावेल तो."

"दुखावतील." बशीतला चमचा वाजू नये म्हणून तिने त्यावर बोट ठेवलं. "पण तुम्ही अजून त्यांच्या पोटात दुखतंय असं धरून चालताय, मामंजी."

ती जिना उतरायला लागली तेव्हा मागून आवाज आला.

"होडी तुला दिली ती बरोबरच दिली. फक्त ज्या तऱ्हेने दिली..."

तिने पायरीवर वाट पाहिली.

---

चार वाजता ती क्लिनिकमध्ये पोचली तेव्हा एक लहान मुलगी आईचं बोट धरून बाहेर पडत होती. नवरा बेसिनपाशी हात धूत होता. साबण लावून, ब्रशने घासून. तरी बोटांवरचे राखाडी डाग गेले नव्हते.

"तू? दात दुखतोय का?"

"नाही."

दुसरी खुर्ची नव्हती म्हणून ती पेशंटच्या खुर्चीत बसली. सवयीने त्याने वरचा दिवा लावला, मग लक्षात येऊन बंद केला. शेजारच्या टेबलावर लहान मुलाच्या जबड्याचा प्लास्टरचा साचा होता. तिने तो हातात घेतला.

"केवढ्या फटी असतात यांच्या दातांत. आया म्हणत नाहीत, भरून द्या म्हणून?"

"म्हणतात तर. आत्ता गेली ती तेच म्हणत होती. दिसायला बरं दिसत नाही म्हणे." तो हात पुसत वळला. या विषयावर बोलायला त्याला नेहमीच आवडे. "मी म्हटलं, बाई, फटी आहेत हे नशीब समजा. मागून मोठे दात यायचेत, त्यांना जागा नको? आता सगळं घट्ट करून ठेवलं तर ते एकमेकांना रेटणार, आणि मग जबड्यावर..."

तो थांबला. नॅपकिन हातातच राहिला.

तिने साचा मांडीवर ठेवला. बाहेरच्या खोलीत क्लिनिकमधल्या बाई फोनवर कोणाला तरी सोमवारची वेळ देत होत्या.

"लाकूड किती फुगतं?" त्याने विचारलं. आवाज पेशंटशी बोलताना असतो तसा होता.

"प्रत्येक फळी एवढी." तिने अंगठ्याचं नख आडवं धरून दाखवलं.

तो मनाशी मोजत उभा राहिला.

"मोडेल."

"हो."

"आधी काय जातं?"

"मधल्या बरगड्या."

त्याने नॅपकिनची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"सकाळी तू सुंदर म्हणालीस."

"सुंदरच आहे."

"हं." तो खिडकीपाशी गेला. तिथून काही दिसत नव्हतं, समोरच्या इमारतीची भिंत तेवढी. त्याने विचारलं, "बाबांना कळलंय?"

तिने साचा टेबलावर होता तसा, दात पुढे करून ठेवला.

"संध्याकाळी त्यांच्यापाशी जाऊन बसा," ती म्हणाली. "रोजच्यासारखे."

बाबांना कळलेलं नाही, असा त्याने त्यातून अर्थ घेतला. "सांगू नकोस त्यांना," म्हणाला. मग खालचा खण उघडून त्यातल्या दात खरवडायच्या लांब दांड्यांच्या आकड्या एकेक करून बाहेर काढायला लागला. बारीक, जाड, डावीकडे वळलेली, उजवीकडे वळलेली. प्रत्येकीचं टोक तो बोटावर घासून बघत होता.

"शेड सकाळी किती वाजता उघडते?"

---

शुक्रवारी सात वाजता ती दोघं शेडमध्ये होती. नवऱ्याने कपाळाला दिवा बांधला होता, नाकावर मास्क होता, आणि हातात रंग काढायचं गरम हवेचं यंत्र. भरण जरासं ऊन करायचं, ते मऊ पडलं न पडलं तोच आकडी खाली सरकवायची आणि ओढायची. लाकडाला टोक लागू द्यायचं नाही. पहिल्या हातभर लांबीला त्याला तासभर लागला. मग हाताला अंदाज आला, आणि राखाडी पट्ट्या सालीसारख्या सुटून खाली पडायला लागल्या. त्याच्या मागून ती मोकळ्या फटीत सुती वात बसवत, लाकडी हातोडीने हलकेच ठोकत पुढे सरकत होती.

"जोरात ठोकू नकोस," तो म्हणाला.

"मला माहीत आहे."

"नाही, मी आपलं म्हटलं."

अकराच्या सुमाराला फायबरकाका आले. धक्क्यावर त्यांची पांढरी, चकचकीत फायबरची होडी सगळ्यांत पुढे असे, त्यावरून हे नाव पडलं होतं. दाराच्या चौकटीला टेकून त्यांनी थोडा वेळ हा प्रकार बघितला.

"डॉक्टर, भूल दिलीय ना तिला?"

"दिलीय," नवरा वर न बघता म्हणाला.

"नाही, ओरडत नाही म्हणून विचारलं. वहिनी, खरं सांगा, परवापर्यंत हेच भरत होते ना? मी रोज बघून जायचो. म्हटलं, काय सफाई आहे. आता हेच काढतायत?"

ती काही म्हणायच्या आत नवऱ्याने मास्क खाली ओढला.

"चुकीचं भरलं होतं," तो म्हणाला. "मीच. म्हणून मीच काढतोय."

फायबरकाका काहीतरी टोमणा मारणार होते, तो त्यांनी गिळला. खांद्यावरचा पंचा खुंटीला अडकवून ते आत आले. "सरका. ती हवा मी धरतो. तुम्ही दोन्ही हातांनी काढा. पण एक सांगतो वहिनी, लाकूड ही हौस नाही, शिक्षा आहे."

"जन्मठेप," ती म्हणाली, आणि हातोडी चालवत राहिली.

अंधार पडायच्या आत सहाही फटी मोकळ्या झाल्या, वात बसली, वर लुकण लागलं. नवऱ्याने हात धुतले आणि रोजच्यासारखा वर जाऊन वडिलांपाशी बसला. स्वयंपाक करताना वरचं बोलणं तिच्या कानावर येत होतं. तो वातीबद्दल विचारत होता. मामंजी सांगत होते, आणि वातीला पीळ किती द्यायचा याच्यापुढे बोलणं गेलं नाही.

---

शनिवारी क्रेनने होडी उचलली. पट्ट्यांत लटकताना ती नेहमीपेक्षा लहान दिसत होती. काठाशी उथळ पाण्यात ती टेकली, पट्टे सैल झाले, आणि पहिल्या पाच मिनिटांतच सगळ्या फटींतून पाणी आत यायला लागलं.

काय होणार ते नवऱ्याला माहीत होतं. तिने त्याला तीनदा सांगितलं होतं. तरी पाणी बसायच्या फळीवर चढलं तेव्हा त्याने तिचं मनगट पकडलं. काठावर वीस-पंचवीस माणसं जमली होती. होडी हळूहळू खाली गेली, तळाच्या चिखलावर बसली, आणि नुसती वरची कडा पाण्यावर राहिली.

"बुडाली," कोणीतरी म्हणालं.

"वहिनी, होडी म्हणायची की चाळणी?" मागून कोणी हसलं.

ती ताठ उभी होती. नऊ वर्षांत तिने स्वतःच्या होडीचा पुढचा दोर दुसऱ्याच्या हाती दिला नव्हता, आणि आजही तो तिच्याच हातात होता. "बसली आहे," ती म्हणाली. "पाणी पितेय. बुधवारी या."

त्या चार दिवसांत नवरा क्लिनिकमध्ये थोडा आणि धक्क्यावर जास्त होता. रविवारी सकाळी त्याने काठावरूनच पाणी उपसायला घेतलं. उपसता उपसता तेवढंच परत भरलं. सोमवारी भरायला तास लागला. मंगळवारी सकाळी रिकामी केलेली होडी संध्याकाळी बघितली तर टाचभर पाणी होतं. जाणारा-येणारा कोणी थांबला की नवरा त्याला थांबवून घेई. लाकूड कसं फुगतं, फळी फळीला कशी भिडते, वात हलक्या हाताने का ठोकायची, घट्ट भरलं तर काय होतं. गेल्या आठवड्यापर्यंत यातलं एक अक्षर ठाऊक नसलेला माणूस तळहातावर तळहात ठेवून ते समजावून सांगे. तिने एकदा शाळेतून येताना पुलावरून ते बघितलं. समोरचा माणूस घड्याळाकडे बघत होता आणि नवरा म्हणत होता, "एक मिनिट, बरगडीचं सांगायचं राहिलं." ती पुलावरच उभी राहिली, त्याचं सांगून होईपर्यंत.

बुधवारी सकाळी होडी तरंगत होती.

आतल्या कोपऱ्यात ओंजळभर पाणी राहिलं होतं, नवरा डबा घेऊन तेवढं काढायला आत उतरला. तो होडीत उभा राहिलेला धक्क्यावरच्या कोणी कधी पाहिला नव्हता. चेहरा जरा फिका पडला होता, पण तो उतरला. त्याआधी त्याने आणि फायबरकाकांनी मामंजींना खुर्चीसकट जिन्यावरून खाली आणलं होतं आणि काठाच्या अगदी कडेला, होडीच्या पोटाशी बसवलं होतं.

मामंजींनी शर्टाची बाही वर न करताच हात पाण्यात घातला, कोपरापर्यंत, आणि पाण्याखालच्या पहिल्या फटीवरून बोटं फिरवायला लागले. पोचेल तितकं मागे, मग पुढे. एका जागी थांबत, फळीची धार चाचपत, पुन्हा पुढे जात. ती पुढचा दोर हातात धरून उभी होती. मामंजींचा थरथरता हात पाण्याखाली स्थिर दिसत होता.

"मग मिस्त्री," फायबरकाका म्हणाले, "थेंब येत नाही आत. सांगा आता, फटी भरल्या कोणी? सुनेने की मुलाने?"

"भरायला काय, कोणीही भरतं," मामंजी म्हणाले. "काढल्या कोणी, ते विचार."

"कोणी काढल्या?"

"आमच्या डॉक्टरने." त्यांनी हात पाण्याबाहेर काढला. बाहीतून पाणी खुर्चीवर गळत होतं, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. "दगड होता तिथे. पहिल्या दिवसापासून माहीत आहे मला, केवढा घट्ट होता तो. अख्ख्या फटीतनं काढलाय, आणि लाकडाला एक ओरखडा नाही. माझ्या हातून झालं नसतं. तरुणपणीही नसतं झालं."

"पहिल्या दिवसापासून?" फायबरकाका म्हणाले, पण त्यांच्याकडे कोणी बघितलं नाही.

आता निघायचं म्हणून ती इंजिनाची किल्ली काढणार होती. काढली नाही. होडीत नवरा डबा हातात धरून तसाच उभा होता, वडिलांकडे पाठ करून. मग तो खाली वाकला आणि पाणी उपसायला लागला. होडीत आता काहीच उरलं नव्हतं. तरी तो उपसत राहिला, आणि कोरड्या लाकडावर डबा वाजत राहिला.